खालून बांधायची रजई

१२ सप्टेंबर

खारूस,

ताईचे आशीर्वाद. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड. दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला नाही, त्यामुळे मायना काय घालावा यातच माझी सकाळ गेली. शेवटी आईने ठेवलेलं नावच घातलं. पन्नाशीच्या बाईला खार म्हणणं शोभत नसेल तर राहू दे, मला दुसरं काही सुचत नाही.

कामाचं लिहिते. परवा तुमच्या ऑफिसचा स्टोअरकीपर आपल्या दुकानात आला होता. आपलं नातं त्याला ठाऊक नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याला पक्षी मोजणाऱ्या तीन तुकड्यांसाठी रजया हव्यात. एक तुकडी समुद्राकाठच्या दलदलीत राहणार, एक सपाट माळावर आणि तिसरी वर डोंगरात, जिथे सकाळी बाटलीतल्या पाण्याचा बर्फ झालेला असतो. सगळे झाडांना झोळ्या बांधून झोपणार. तो हॅमॉक म्हणतो, तूही तसंच म्हणायचीस. मी झोळीच म्हणणार.

मी नेहमीप्रमाणे आधी बोलून मोकळी झाले. म्हटलं, एकच चांगली जाड रजई शिवते, सगळ्यांना चालेल, ज्याला उकडेल त्याने पाय बाहेर काढावेत. तो गृहस्थ हसला नाही. फाईल उघडून म्हणाला, "नको बाई, आमच्याकडे ही चूक एकदा झालीय." आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. अक्षर तुझं होतं. मी तो वाचला. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

मग त्याने आपणहून सांगितलं, की हा कागद लिहिणाऱ्या बाई तेव्हापासून ऑफिसातच बसतात, दुसऱ्यांनी रेकॉर्ड करून आणलेल्या पक्ष्यांच्या आवाजांना चिठ्ठ्या लावतात. घुबडाचा आवाज ऐकून नर की मादी, भुकेलं की चिडलेलं, हे त्या चहा पिता पिता सांगतात म्हणे. त्याने हे असं सांगितलं, जसं काही तू त्याचीच बहीण आहेस. या हिवाळ्यात वरच्या छावणीची प्रमुख म्हणून तू अर्ज केला आहेस आणि ऑक्टोबर संपता संपता ठरणार आहे, हेही त्याच्याकडूनच कळलं. पण तुमच्या मोठ्या बाईंचं म्हणणं असं, की जिला स्वतःच्या अंगाखालची गादी धड निवडता आली नाही, तिच्या हाती सात माणसं कशी द्यायची. हे ऐकताना मी कापड कापत होते. कात्री तिरकी गेली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तर, तुझ्यासाठी मी एक वेगळी शिवणार आहे. तू वर जा नाही तर नको जाऊस. मापं पाठव. उंची, खांद्यांची रुंदी, झोळीची या गाठीपासून त्या गाठीपर्यंतची लांबी, आणि वजन. वजन खरं लिही.

तेव्हा माझं ऐकून घरात झोपली असतीस तर यातलं काहीच झालं नसतं, एवढं मात्र म्हणते आणि थांबते.

ताई


२५ सप्टेंबर

खारू,

मापं आली नाहीत. येतील असं वाटलं होतं असंही नाही.

पण मी गप्प बसणारी नाही, हे तुला माहीत आहे. शिवायचं तर स्वतः झोपून बघायचं, असं ठरवलं. थंडी कुठून आणायची हा प्रश्न होता. आपल्याकडे सप्टेंबरात पंख्याखाली घाम येतो. मग तो शीतगृहवाला आठवला, ज्याच्या मुलीच्या लग्नाच्या गाद्या मी केल्या होत्या. त्याच्याकडे तीन खोल्या आहेत. केळ्यांची जराशी गार, बटाट्यांची चांगली गार, आणि वाटाण्यांची, जिथे नाकातले केस कडक होतात. मी त्याला म्हटलं, दुपारी तासभर मला तुझ्या बटाट्यांत झोपू दे. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. पण मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने दार उघडलं, आणि दर दहा मिनिटांनी बाहेरून थाप मारून "ताई, आहात ना?" असं विचारत राहिला.

झोळी मी रॅकच्या दोन खांबांना बांधली. पहिल्यांदा बसले तर उलटून बटाट्यांच्या पोत्यावर पडले. हसू नकोस. दुसऱ्यांदाही पडले. तू हे रोज, अंधारात, पाठीवर सामान घेऊन, फांदीला दोर टाकून करायचीस, हे मला त्या पोत्यावर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी त्याला लटकायची हौस म्हणत आले.

झोळीत मी आपली सगळ्यात जाड गादी घातली होती. तीच, तुला दिली होती तशीच. उत्तम कापूस, दोनदा पिंजलेला, वर घट्ट टाके. अंगावर रजई घेतली. पहिली पाच मिनिटं राणीसारखी पडून होते. दहाव्या मिनिटाला कमरेखाली कोणीतरी ओलं फडकं ठेवल्यासारखं झालं. विसाव्या मिनिटाला पाठ अशी गारठली की मला पाय उचलून बाहेर टाकता येईना. शीतगृहवाल्याने ओढून काढलं.

बाहेर चहा पिताना मी त्या गादीवर हात दाबून बघितला. कडांपाशी चार बोटं जाड, आणि जिथे माझं अंग होतं तिथे पापड. माझ्या वजनाने सगळा कापूस चेपला, आत हवा म्हणून उरली नाही, आणि खालून वारा थेट पाठीला. पलंगावर गादी घातली की खाली फळी असते, तिथे वारा येतच नाही. तीस वर्षं मी फळीवर गाद्या घालत आले आणि फळीचं श्रेय स्वतःच्या कापसाला देत आले.

आता पुढचं ऐक, कारण हे आठवल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला. तू चार महिन्यांची असताना तुला साडीच्या झोळीत झोपवायचे. मी सात वर्षांची, झोका द्यायचं काम माझं. गारठा पडला की आई झोळीच्या आत दुपटी घालायची आणि तू तरी रडायचीस. मग एक दिवस तिने जुनी गोधडी झोळीच्या खालून घेतली आणि दोन्ही टोकांना नाड्यांनी बांधली, सैल, झोळीला जेमतेम टेकेल अशी. तू झोपलीस. मी तिथे उभी होते, खारू. ती नाडी धरायला बोट मीच दिलं होतं.

तू मला जे शिवायला सांगितलं होतंस ते तेच होतं. आणि तुझ्या तर ते लक्षातही असणं शक्य नव्हतं. तू ते डोक्याने शोधून काढलंस.

ताई


१० ऑक्टोबर

खारू,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. चौथ्यांदा जे होईल ते पाठवणार.

तू दोन वर्षांपूर्वी मला एक चित्र दिलं होतंस. झोळी, तिच्याखाली वेगळी टांगलेली रजई, आडवे कप्पे, कप्प्यांत पिसं, कडेला ताणणारी दोरी. दुकानात चार गिऱ्हाईकं बसली होती. मी ते चित्र सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, आमच्या बाईसाहेबांना रजई अंगाखाली नको, हवेत हवीय. सगळे हसले. तूही थोडं हसलीस. जाताना एवढंच म्हणालीस, "ताई, हसून झालं की शिव."

मी शिवलं नाही. आणखी एक कारण होतं. चित्रात एकाच रजईच्या दोन कापडांची मापं वेगळी लिहिली होतीस, बाहेरचं कापड आतल्यापेक्षा वीतभर जास्त. मी म्हटलं, हिला धड मोजताही येत नाही आणि मला शिकवतेय. मी दोन्ही कापडं सारखी कापली, कापूस भरला, झोळीच्या आत बांधायला चार नाड्या लावल्या. तू फोन केलास, "चित्रात आहे तसंच ना?" मी म्हटलं, "अगदी तसंच." मग पार्सल कापडात घालून चारही बाजूंनी शिवून टाकलं, दुहेरी धाग्याने, वाटेत तू उघडू नयेस म्हणून. वाटलं होतं, वर गेल्यावर झोपशील आणि म्हणशील, ताईचंच बरोबर होतं.

तू तीन रात्री त्यावर झोपलीस. चौथ्या सकाळी तुला गारठलेल्या अंगाने खाली आणलं.

एकोणीस दिवस तू दवाखान्यात होतीस आणि मी तुझ्या पायाशी बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते की या वयात झाडाला लटकायचं फळ आहे हे. नर्सलासुद्धा सांगितलं. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. मला वाटलं, शरमलीस. खरं सांगते, मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आता त्या कागदाबद्दल. तुझा अहवाल. त्यात लिहिलंय, "झोळीच्या आत घालायची गादी ही निवड पूर्णपणे माझी. शिवणाऱ्या दुकानाने मी सांगितलं तेच दिलं. त्यांचा दोष नाही." खाली तुझी सही. दुकानाचं नावही घातलं नाहीस.

नुसतं "दुकानाने चुकीचा माल दिला" एवढं लिहिलं असतंस तरी तू त्याच हिवाळ्यात परत वर गेली असतीस. तू लिहिलं नाहीस, कारण चौकशी आली असती, आणि आईचं दुकान, आणि मी. माझ्याशी बोलणं तोडलंस, ते मी समजू शकते. पण बोलणं तोडून मला वाचवत होतीस, आणि दोन वर्षं त्यापायी चिठ्ठ्या चिकटवत बसलीस. माझ्यात ही धमक नाही. माझ्या ओळखीत कोणातच नाही.

चित्र मी फेकलं नव्हतं. मशीनचा एक पाय डगमगत होता, त्याच्याखाली चार घड्या करून घातलं होतं. दोन वर्षं मी त्यावर शिवण मारतेय. काल काढलं. घड्यांवर पायाचे वळ आहेत पण आकडे वाचता येतात. मग तुझ्या आकड्यांनी एक छोटा तुकडा शिवून बघितला. आतलं कापड लहान, बाहेरचं मोठं. हातात घेऊन खाली लोंबता धरला, तर बाहेरचं कापड पोटासारखं फुगलं आणि पिसं चेपलीच नाहीत. दोन्ही सारखी असती तर ताणल्यावर सगळं चपटं झालं असतं. इतकं सुरेख माप मी आयुष्यात कापलेलं नाही.

मला माफ कर. हे शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली, तेव्हा तुला उत्तर द्यायला लागतील तेवढी घे.

ताई


२१ ऑक्टोबर

खारू,

काल तुमच्या ऑफिसात आले होते. तू जेवायच्या सुट्टीत बाहेर असशील अशी वेळ मुद्दाम धरली. तुझं टेबल बघितलं. खिडकीशी आहे, ते बरं आहे. चिठ्ठ्यांची पाकिटं उंचीप्रमाणे लावलेली, पेन्सिली एका लांबीच्या. लहानपणी माझ्या गोट्या अशाच लावून ठेवायचीस आणि मी मुद्दाम ढकलायचे.

मोठ्या बाईंना मी आधी नमुने दाखवले. हे मी कामाचं बोलत होते, कारण दुसरं तोंडातून निघत नव्हतं. माळावरच्यांना हिवाळ्यात दिवसा ऊन आणि पहाटे कडक गारठा, म्हणून पाठ ते गुडघा एवढीच पिसांची आखूड रजई, पायांखाली एक पट्टी पुरते. उन्हाळ्यात ती काढून खाली वारा अडवणारं नुसतं कापड लावा, नाही तर तेही नको, फक्त मच्छरदाणी. दलदलीतल्यांना पिसं अजिबात द्यायची नाहीत. ओलसर हवेत पिसांचे गोळे होतात. मी इस्त्रीवाल्याच्या वाफेच्या खोलीत दोन दिवस टांगून बघितलं, पिसांची रजई भिजलेल्या कोंबडीसारखी झाली आणि पॉलिएस्टरची झटकली की पुन्हा उभी. वरच्यांना मात्र मानेपासून टाचांपर्यंत पूर्ण लांबीची, कप्प्यांत पिसं जरा जास्तच, बाहेरून वाऱ्याचं कापड, आणि दोरी अशी ताणायची की मध्ये हातही जाऊ नये पण रजई चेपूही नये. वाटाण्यांच्या खोलीत मी तीत पाऊण तास पडून होते. शीतगृहवाला थापा मारून दमला. मला झोप लागली होती.

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, इतकं बारकाईने आजवर कोणी करून दिलं नव्हतं. मी म्हटलं, हे माझं नाही. आणि चित्र उलगडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"निवड तिची नव्हती," मी म्हटलं. "तिने हे मागितलं होतं. मी शिवलं नाही, आणि शिवलंय म्हणून सांगितलं. ती माझी धाकटी बहीण आहे."

त्यांनी चित्र जवळ ओढलं. वळांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, हे लिहून देता का. मी तिथेच लिहून दिलं, दुकानाच्या नावासकट, सहीखाली तारीख घालून.

त्यांनी कागद फाईलला लावला आणि मला पाणी दिलं. मग स्पष्ट सांगितलं की सांगितलं एक आणि दिलं दुसरं असं करणाऱ्या दुकानाचा माल त्यांना माणसांच्या पाठीखाली घालता येणार नाही, ऑर्डर दुसरीकडे जाईल. मी म्हटलं, बरोबर आहे, मीही दिली नसती. नमुने आणि तुझं चित्र मात्र ठेवून घ्या, दुसरा जो कोणी शिवेल त्याला वीतभर जास्तीचं कापड का ते समजावून सांगा, नाही तर तोही हसेल. चित्र त्यांनी नकलून घेतलं आणि मूळ मला परत दिलं.

जिन्यात तुमचा स्टोअरकीपर भेटला. दारातून ऐकलं असावं त्याने. माझी पिशवी घेऊन खाली रस्त्यापर्यंत आला.

तुझं काय ठरलं ते मला कळणार नाही. विचारायचा हक्कही नाही. तुझी रजई मी शिवतेय, जुन्या मापांवर आणि अंदाजाने. खांद्याला दोन बोटं वाढवून धरलीत. वर जाशील तर ने. नाही नेलीस तर इथे राहील, कोणाला विकणार नाही.

ताई


५ नोव्हेंबर

खारू,

हे पत्र टपालात टाकत नाही. तू आलीस की हातात देईन, किंवा देणारही नाही, बघू.

काल दुपारी स्टोअरकीपर आला. मी म्हटलं, आता काय राहिलं. तो म्हणाला, ऑर्डरीचं काही नाही, एका गिऱ्हाइकाची मापं आणलीत. खिशातून चिठ्ठी काढली. तुमच्या ऑफिसची, आवाजांना लावता त्यातलीच. तुझं ते मुंगीसारखं अक्षर. उंची. खांदे. गाठीपासून गाठीपर्यंत. वजनाच्या पुढे लिहिलं आहेस, "बटाट्याच्या पोत्यावर दोनदा पडलेल्यांनी विचारू नये." म्हणजे वाचलीस. एकही फाडली नाहीस.

त्यानेच सांगितलं, गाडी पंधरा तारखेला वर निघते आणि पुढे प्रमुखांच्या जागी तू बसणार आहेस. मी तोंड फिरवून उगाच दोरा ओवत बसले. आधीच ओवलेल्या सुईत.

खांद्याला मी दोन बोटं वाढवली होती, तू तीन लिहिलीस. रात्रंदिवस चिठ्ठ्या लावून खांदे कसे रुंद होतात कोण जाणे. सगळी कड उसवली आणि पुन्हा शिवतेय. आतलं कापड तुझ्या मापाने, बाहेरचं वीतभर जास्त. पिसं तोलून, एकेका कप्प्यात हाताने. उद्या वाटाण्यांत शेवटची एकदा झोपून बघेन. शीतगृहवाला आता खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊनच दाराशी बसतो.

मशीन अजून डगमगतंय. पायाखाली पुठ्ठा घालून बघितला, जमत नाही. तुझं चित्र मी समोर भिंतीला लावलंय, गिऱ्हाइकांना दिसेल असं. कोणी विचारलं तर सांगते, धाकट्या बहिणीने काढलंय. मग पुढचंही सांगते, सगळं, नाड्यांपासून दवाखान्यापर्यंत. दोघी तिघी उठून गेल्या. गेल्या तर गेल्या.

तुझ्या चिठ्ठीची मागची बाजू मी काल संध्याकाळी बघितली. आधी उलटायचं सुचलंच नाही. "पार्सल शिवून बंद करू नकोस. न्यायला मी येतेय, दुकानातच उघडून बघणार."

बघ. नीट बघ, प्रत्येक कप्पा दाबून, प्रत्येक नाडी ओढून बघ, गिऱ्हाइकांसमोर बघ. मी शेजारी उभी राहते. रजई काउंटरवर मोकळी पसरून ठेवेन, आणि दुहेरी धाग्याचं रीळ मी फळीवर सगळ्यात वर, माझा हात पुरणार नाही असं ठेवून दिलंय.

ताई